खरेदीखताचे साक्षीदार

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे घालवून एखादा कामगार निवृत्त होतो, तेव्हा त्याच्यापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न घराचा असतो. सेक्टरातील क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबरच सोडावी लागते. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी यांची जी रक्कम हाती पडते, ती आयुष्यात एकदाच पडणारी असते. ती बरोबर घेऊन तो रेल्वेमार्ग आणि ग्रेट ईस्टर्न रोड ओलांडतो आणि सुपेला, कोहका, वैशाली नगर या बाजूला घर किंवा भूखंड शोधू लागतो. विकणारा सभ्य दिसतो. मध्यस्थ कोणाच्या तरी ओळखीचा असतो. दस्तलेखक अर्ध्या दिवसात कागद तयार करून देतो, उपनिबंधकाच्या कचेरीत अंगठे उमटतात, शिक्के पडतात आणि खरेदी पुरी होते. एवढे सगळे सरकारच्या समक्ष होत असताना वकिलाची फी आणखी कशासाठी मोजावयाची, असा प्रश्न अशा वेळी घरोघर विचारला जातो.

हा प्रश्न बहुधा खर्चाचा म्हणून विचारला जातो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिची खात्री कोणी द्यावयाची, याचे उत्तर आपल्याकडे गेल्या तीन शतकांत पुरते बदलले. आणि ते कसे बदलले हे पाहिल्यावाचून आजच्या खरेदीदाराला वकील लागतो की नाही, हे नीट सांगता येत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. भारतातील कोणताही कायदा खरेदीदारावर वकील नेमण्याची सक्ती करीत नाही. इंग्लंडात १८०४ च्या एका करविषयक कायद्याने मिळकतीचे दस्त मोबदला घेऊन लिहिण्याचा धंदा वकीलवर्गाच्या हाती दिला, आणि ती मक्तेदारी मोडावयास १९८५ साल उजाडावे लागले. आपल्याकडे तशी मक्तेदारी कधीच नव्हती. खरेदीखत घेणाराने स्वतः लिहिले तरी चालते, शेजाऱ्याने लिहिले तरी चालते. म्हणजे वकिलाची गरज असलीच, तर ती कायद्याच्या हुकमातून निघालेली नाही. ती कोठून निघाली, हे पाहण्यासाठी वकील नव्हते त्या काळापर्यंत मागे गेले पाहिजे.

मराठेशाहीत देशावरच्या एखाद्या गावात मिरास जमीन विकावयाची झाली म्हणजे तो व्यवहार दोघांच्या कानात होत नसे. त्यासाठी गोत जमे. पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेजारचे मिरासदार आणि बलुतेदार एकत्र बसत. विकणारा आपली अडचण सांगे: दुष्काळ पडला, सरकारची बाकी अंगावर आली, बैल मेले. मग जमिनीची चतुःसीमा सांगितली जाई, किंमत ठरे, आणि कागद मोडी अक्षरांत उतरे. त्या कागदात एक कलम हटकून असे. पुढे कोणी भाऊबंद हक्क सांगत उभा राहिला, तर त्याचे निवारण विकणाऱ्याने करावयाचे, घेणाऱ्याला त्याची तोशीस लागू द्यावयाची नाही. शेवटी साक्षी पडत. पाटलाच्या नावापुढे नांगर काढीत. ज्यांना लिहिता येत नसे ते बलुतेदारही आपापल्या हत्याराची निशाणी करीत, आणि त्या निशाणीची किंमत अक्षराहून कमी मानली जात नसे.

या साक्षींचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. आज खरेदीखतावर सही करणारा साक्षीदार फक्त एवढेच सांगतो की, अमक्याने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. गोताचा साक्षीदार त्याहून पुष्कळ अधिक सांगत असे. ही जमीन याच्या बापाने कसली, आजाने कसली, याला भाऊ किती, वाटणी केव्हा झाली, बांध कोठून कोठे जातो, हे त्याला ठाऊक असे आणि ते ठाऊक आहे म्हणूनच त्याची निशाणी त्या कागदावर असे. जमिनीचा मालकीहक्क हा गावाच्या स्मरणात राहत होता. कागद ही त्या स्मरणाची केवळ नोंद होती. हे चित्र सोन्याने मढविण्याचे मात्र कारण नाही. शिवेचा वाद निघाला म्हणजे ज्या महाराची साक्ष वजनदार मानीत, त्यालाच गाव कुसाबाहेर ठेवीत असे. बाईच्या हक्काला गोतात आवाज नसे. आणि पाटीलच बेइमान झाला तर गोताचा न्याय वाकत असे. पण एक गोष्ट खरी की, घेणाऱ्याला हक्काचा शोध स्वतः घ्यावा लागत नव्हता. तो शोध गोताने आपल्या स्मरणात आधीच घेऊन ठेवलेला असे.

छत्तीसगढची गोष्ट याहूनही निराळी होती. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर अठराव्या शतकात बसला. रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून कारभार पाहत, आणि १७८७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर नागपूरच्या सुभेदारांमार्फत तो चालू लागला. तरी गावाची अंतर्गत घडी देशावरच्या गावासारखी नव्हती. गावाचा मुख्य गावटिया. सारा भरण्याची जबाबदारी त्याची. कुळांकडे असलेली शेते मात्र कायमची त्यांची नसत. 'लाखाबाटा' नावाची एक चाल तेथे होती. काही वर्षांनी गावची शेते पुन्हा एकत्र धरून कुळांत नव्याने वाटीत असत. कन्हार, डोरसा, मटासी, भाटा असे जमिनीचे प्रकार. त्यांतले चांगले एकाच्याच वाट्यास जाऊ नये म्हणून प्रत्येकाला प्रत्येक प्रकारातील तुकडा मिळे. त्यामुळे एकाची जमीन गावभर विखुरलेली असे, आणि आजचे शेत उद्या आपलेच राहील याची शाश्वती नसे. जी गोष्ट कायमची आपली नाही, ती विकावयाची कशी? दुर्ग, रायपूर या भागांत कुळाने शेत विकणे ही कल्पनाच त्या काळी रुजली नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी मध्यप्रांतात जमाबंदी केली. सारा वसूल करण्यासाठी त्यांना गावोगाव एक मालक हवा होता. म्हणून गावटियासारख्या, मुदतीच्या बोलीवर गाव धरणाऱ्या लोकांना मालगुजार म्हणून स्वामित्व देण्यात आले. त्यांच्या हाताखाली कुळांचेही निरनिराळे वर्ग कागदावर आले, त्या प्रत्येकाचे हक्क वेगळे ठरले. एका पिढीत गावाचे स्मरण मागे पडले आणि खसऱ्याचा कागद पुढे आला. तोवर जमीन कसावयाची वस्तू होती. आता ती विकण्याची, गहाण टाकण्याची आणि लिलावात काढण्याचीही वस्तू झाली.

याच सुमारास दस्तांच्या नोंदणीचा कायदा देशभर पसरला. बंगालमध्ये १७९३ पासून ऐच्छिक स्वरूपाची नोंदणी होती; १८६४ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात विशिष्ट दस्तांची नोंदणी सक्तीची केली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तावाचून होऊ शकत नाही, असे ठरविले. मुंबई इलाख्याला हा कायदा १८९३ पर्यंत लागू नव्हता. मध्यप्रांतात तो आरंभापासून होता. आज चालू असलेला नोंदणीचा कायदा १९०८ चा आहे.

सामान्य माणसाची चूक नेमकी येथे होते. नोंदणी झाली म्हणजे सरकारने हक्काची खात्री दिली, असे त्याला वाटते. कायद्याने तसे कधीच म्हटलेले नाही. उपनिबंधक एवढेच पाहतो की, दस्त करून देणारा मनुष्य तोच आहे काय, त्याने तो करून दिल्याचे तो कबूल करतो काय, आणि मुद्रांकशुल्क भरले आहे काय. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, हे ठरविणे त्याच्या अधिकारात नाही. तमिळनाडूने एका नियमाने विक्रेत्याच्या हक्काचे मूळ कागद पाहूनच नोंदणी करावी असे ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो नियम कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. तीच गोष्ट महसुली नोंदीची. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात आणि छत्तीसगढात नामांतरण, ते सारा कोणाकडून घ्यावयाचा हे ठरविण्यासाठी असते. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणजे गोताच्या साक्षीदाराने हक्काची जी हमी दिली होती, ती ना उपनिबंधक देतो, ना पटवारी. हमी देणारे स्थानच रिकामे झाले. आणि शोध घेण्याचे ओझे गुपचूप घेणाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसले.

या बदलाची झळ महाराष्ट्राने फार लवकर सोसली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख पैशावर फारसा नव्हता, कागदांवर होता. रोखे, गहाणखते आणि हुकूमनामे त्यांनी ओढून काढून जाळले. ज्या कागदातील मजकूर आपल्याला वाचता येत नाही, त्याच कागदाने आपले शेत जाते, हे त्यांना कळले होते. यावर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यातील एक तरतूद आज विसरली गेली आहे. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याने करावयाचे दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, असा नियम झाला. त्याने तो दस्त लिहावयाचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावयाचा, आणि करून देणाऱ्याला तो समजला आहे याची खातरजमा करावयाची. गोताचे रिकामे स्थान सरकारने एका अधिकाऱ्याकडून भरून पाहण्याचा तो प्रयत्न होता. याच कायद्यात गावमुन्सिफ आणि समेट घडविणारे पंच यांच्यापुढे वकिलांना मज्जाव केलेला होता, हेही नोंदण्यासारखे आहे. वकील हा तंट्याला तेल घालणारा, अशीच त्या काळच्या शेतकऱ्याची आणि राज्यकर्त्यांचीही समजूत होती. आणि ती अगदी निराधार होती असे म्हणता येणार नाही. कोर्टाची पायरी चढू नये या म्हणीत जी भीती आहे ती तेव्हाचीच. पण दस्त होण्यापूर्वी सल्ला देणारा वकील आणि दस्त बिघडल्यावर भांडणारा वकील यांत फरक आहे. पहिल्याला टाळले म्हणजे दुसऱ्याची गाठ पडण्याचा संभव वाढतो.

आता भिलाईकडे परत यावे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कारखाना, खाणी आणि वसाहत यांसाठी दुर्ग जिल्ह्यातील गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेण्यात आली. मालगुजारी १९५१ मध्येच संपली होती. १९५९ च्या ऑक्टोबरात अमलात आलेल्या मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेने शेतजमिनीच्या धारकाला 'भूमिस्वामी' हे एकच नाव दिले. छत्तीसगढ राज्य २००० मध्ये निराळे झाल्यावरही तीच संहिता तेथे चालू राहिली. कारखान्याच्या पाठोपाठ आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, ओरिसा आणि महाराष्ट्र येथून माणसे आली. विदर्भातून गेलेल्या मराठी कुटुंबांना दुर्ग हे काही फार दूरचे नव्हते. शेजारच्या क्वार्टरमध्ये कोणती भाषा बोलली जाते, याचा विचार न करता ही माणसे एकत्र नांदली, ही त्या शहराची मोठीच मिळकत आहे.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की, भिलाईत कोणाचा आजा कोणाला ठाऊक नाही. देशावरच्या गावात विकणाऱ्याच्या तीन पिढ्या घेणाऱ्याला माहीत असत. वैशाली नगरात घर घेणारा केरळचा, विकणारा बिहारचा, मध्यस्थ आणखी कोठला, आणि ज्याच्या शेतावर तो भूखंड पाडला गेला तो मूळचा भूमिस्वामी तिघांच्याही ओळखीचा नाही. कारखान्याबाहेरचा हा भाग वाढत गेला, १९९८ मध्ये भिलाईची महानगरपालिका झाली, २००८ मध्ये वैशाली नगर या नावाचा विधानसभा मतदारसंघही झाला. लाखांची वस्ती उभी राहिली, पण तिला गोत नाही. ज्या ठिकाणी मालकीचा इतिहास शेजाऱ्यांच्या तोंडून कळू शकत नाही, तेथे तो कागदांतूनच वाचावा लागतो; आणि कागद वाचणे हा ज्याचा व्यवसाय, त्याचे काम तेथे सुरू होते.

अशा शहरात खरेदीदारापुढे तीन प्रकारच्या मिळकती येतात, आणि प्रत्येकीचा धोका निराळा असतो. पहिला प्रकार सार्वजनिक संस्थेने पट्ट्याने दिलेल्या भूखंडाचा वा घराचा. येथे विकणारा मालक नसून पट्टेदार असतो. पट्ट्याची मुदत किती उरली, हस्तांतरणास संस्थेची परवानगी लागते काय, भूभाटक थकले आहे काय, हे मूळ पट्ट्यात पाहिले पाहिजे. 'माझे घर विकतो' असे जो म्हणतो, तो पुष्कळदा उरलेल्या मुदतीचा हक्कच विकत असतो.

दुसरा प्रकार जुन्या गावच्या शेतातून पाडलेल्या भूखंडाचा. हा सर्वांत अवघड. खसऱ्याच्या एका नंबराचे पुढे अनेक तुकडे झालेले असतात. कागदावरील तुकडा आणि जागेवरील तुकडा एकच आहे काय, हे बटांकन आणि नकाशा यांवरून जुळवावे लागते. शेतीच्या जमिनीचे डायव्हर्शन, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला बिनशेती करणे म्हणतात ते, झाले आहे काय. वसाहत पाडणाऱ्याकडे परवाना आणि मंजूर आराखडा आहे काय. आराखड्यात दाखविलेला रस्ता जमिनीवर आहे काय, हे पुढचे प्रश्न. मूळ भूमिस्वामी आदिवासी असेल, तर त्याची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर संहितेचे कडक निर्बंध आहेत, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या आवश्यक त्या लेखी परवानगीवाचून झालेली विक्री कितीही वर्षांनी उकरून निघू शकते. भिलाईसारख्या ठिकाणी आणखी एक प्रश्न विसरून चालणार नाही. ही जमीन कधीकाळी कोणत्याही प्रकल्पासाठी संपादित तर झाली नव्हती ना? संपादित जमिनीवर जुन्या मालकाने नंतर करून दिलेला दस्त घेणाऱ्याला सरकारविरुद्ध काहीच देत नाही.

याच प्रकारात वारसांचा प्रश्न येतो. गोताच्या काळी भाऊबंदांची संमती पाहत. बहिणीला कोणी विचारीत नसे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आणि विशेषतः २००५ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. वडिलार्जित मिळकतीत मुलगी जन्मतःच हिस्सेदार ठरली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तिचा हक्क बाधित होत नाही, असे स्पष्ट केले. खसऱ्यावर तीन भावांची नावे आहेत एवढ्यावर समाधान मानून जो पैसे मोजतो, त्याच्या दारी पुढे सासरी गेलेली चौथी हिस्सेदार रास्त हक्काने उभी राहू शकते. तिच्या हक्काला गोतात जो आवाज नव्हता तो कायद्याने दिला. तो आगाऊ ऐकून घेणे हे घेणाऱ्याचे कर्तव्यही आहे आणि हितही.

तिसरा प्रकार बांधकाम व्यावसायिकाकडून घेतलेल्या सदनिकेचा. येथे कायद्याने घेणाऱ्याचे ओझे बरेच हलके केले आहे. महाराष्ट्राने १९६३ मध्येच फ्लॅटविक्रीचा स्वतंत्र कायदा केला होता. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने संपूर्ण देशात प्रकल्पाची नोंदणी सक्तीची केली. नोंदलेल्या करारावाचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. आणि जमिनीच्या हक्कातील दोषामुळे नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी व्यावसायिकावर टाकली, तीही मुदतीच्या कायद्याची आड येऊ न देता. जुन्या मोडी कागदातील ते कलम, हक्क सांगणाऱ्याचे निवारण विकणाऱ्याने करावे, हेच येथे नव्या रूपात परत आलेले दिसते. पण लहान प्रकल्प या कायद्याच्या बाहेर राहतात, आणि एका खासगी माणसाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घराला त्याचा आधार नाही.

कागद किती मागे जाऊन पाहावयाचे, यालाही इतिहास आहे. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात गहाण सोडविण्याची मुदत साठ वर्षे होती. १९६३ च्या कायद्याने ती तीस वर्षांवर आणली. म्हणून सामान्यतः तीस वर्षांची खरेदीखते, वाटणीपत्रे आणि बोजे तपासण्याची वहिवाट पडली आहे. या साखळीत एखादा दुवा केवळ मुखत्यारपत्राचा असेल, तर तेथे थांबावे. मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने केलेली 'विक्री' ही विक्रीच नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये दिला आहे. स्वस्तात मिळते म्हणून असा कागद घेणारे देशात असंख्य आहेत; त्यांच्या हाती पैशाची पावती असते, मिळकत नसते.

यावर कोणी म्हणेल की, बँकेने कर्ज दिले आहे, आणि कर्जापूर्वी बँकेच्या वकिलाने कागद पाहिलेच आहेत. मग दुसरा वकील कशाला? हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. बँकेच्या वकिलाचा अहवाल उपयोगी असतो, आणि तो मागून घेऊन वाचावा. परंतु तो वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे काय हे पाहतो. कर्जापलीकडे कामगाराने स्वतःच्या फंडातून घातलेली रक्कम, पट्ट्याची उरलेली मुदत, रस्त्याची रुंदी, कराराचे एकतर्फी कलम, यांची चिंता वाहणे हे त्याचे काम नव्हे. विकणाऱ्याच्या वकिलाबद्दल तर बोलावयासच नको. गोताचा साक्षीदार दोघांचाही शेजारी होता. आजचा वकील ज्याची फी घेतो त्याचा असतो. म्हणून वकील असणे एवढ्याने भागत नाही. तो आपला असला पाहिजे, आणि बयाणा देण्यापूर्वी असला पाहिजे. बयाणा दिल्यावर घेतलेला सल्ला बहुधा पश्चात्तापाच्या उपयोगी पडतो.

वकिलाच्या शक्तीलाही मर्यादा आहेत. बांध सरकला आहे काय, विहिरीवर कोणाचा हक्क आहे, मागच्या खोलीत कोण राहतो, पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, हे कागद सांगत नाही. कायदाही याबाबत घेणाऱ्यालाच जबाबदार धरतो. जागेवर जो प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला होतीच, असे गृहीत धरले जाते. ते काम घेणाऱ्याने आपल्या पायांनी करावयाचे असते. पटवाऱ्याकडून बी-१ आणि खसऱ्याची नक्कल घेणे, आता छत्तीसगढ शासनाच्या 'भुइयाँ' या संगणकीय व्यवस्थेवर नाव पाहणे, जागेवर दोन वेगवेगळ्या वेळी जाऊन शेजाऱ्यांशी बोलणे, यांसाठी फी पडत नाही. हे केल्यावर वकिलाकडे जाणारा मनुष्य नेमके प्रश्न घेऊन जातो, आणि नेमक्या प्रश्नांचीच उत्तरे कामाची असतात.

मग सरकारनेच हक्काची हमी का देऊ नये? हा विचारही नवा नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स याने १८५८ मध्ये अशी पद्धत सुरू केली की, सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक. मागची साखळी तपासण्याचे कारणच उरू नये. टॉरेन्स स्वतः वकील नव्हता, आणि तेथील वकिलांनी त्याला विरोध केला, हे ओघानेच आले. आपल्याकडे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक वाधवा यांनी १९८९ मध्ये नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात भारताने हाच मार्ग धरावा असे सुचविले. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनीपुरता तसा कायदाही केला. परंतु देशभर अशी हमी देण्याइतक्या नोंदी अद्याप निर्दोष झालेल्या नाहीत. जेथे एका पिढीपूर्वीचे वाटणीपत्र कोनाड्यात पडून राहते आणि मृताचे नाव वर्षानुवर्षे खसऱ्यावर चालते, तेथे हमीचा शिक्का मारावयास कोणते शासन धजावेल?

तोवर प्रथमच मिळकत घेणाऱ्याला वकील लागतो की नाही, याचे उत्तर मिळकतीच्या भूतकाळावर अवलंबून राहील. शासकीय संस्थेकडून थेट मिळणारा भूखंड किंवा नोंदलेल्या प्रकल्पातील सदनिका असेल, तर एकदा करार वाचून घेण्यापुरता वकील पुरेसा होतो. जुन्या शेतातून पाडलेला प्लॉट, अनेक वारसांची जमीन, पट्ट्यावरचे जुने घर किंवा मुखत्याराने चालविलेला व्यवहार असेल, तर त्याच्यावाचून पुढे जाणे हे डोळे बांधून विहिरीच्या काठाने चालण्यासारखे आहे. दस्तावर मुद्रांकशुल्क भरताना जो मनुष्य कुरकुरत का होईना पण भरतो, त्याने त्याच्या एका लहान अंशाने मिळणारी ही माहिती खर्चात धरू नये.

पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांची हत्यारे आता खरेदीखतावर उमटत नाहीत. त्यांच्या जागी दोन साक्षीदार असतात, आणि ते बहुधा उपनिबंधकाच्या कचेरीच्या आवारातच भेटतात. त्यांना विकणाऱ्याचा बाप माहीत नसतो, बांधही माहीत नसतो. वैशाली नगरातील त्या निवृत्त कामगाराने सही करण्यापूर्वी एवढे स्वतःस विचारावे की, या जमिनीची हकीकत ज्याला खरोखर ठाऊक आहे असा एक तरी माणूस आपल्या बाजूस उभा आहे काय. उत्तर होय असेल, तर त्याने निःशंक सही करावी. नसेल, तर तीस वर्षांची कमाई पेटीतच राहू द्यावी आणि तो माणूस आधी शोधावा.